पाचवा डबा

सुरुवात भांडणानं झाली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्ही नजरानजर, धुकं आणि छत्री शोधत बसाल. धुकं होतं म्हणा, साताऱ्यात जूनच्या मध्याला ते असतंच. पण संयोगिताला त्या दिवशी धुकंबिकं काही दिसत नव्हतं. तिच्या डोक्यात नुसती आग होती.

त्याचं असं झालं. पोवई नाक्याजवळ एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर नानासोंची अभ्यासिका आहे. नानासो फौजेतले रिटायर हवालदार. जागा थोड्या आणि मुलं मायंदाळ, म्हणून त्यांनी एका टेबलाला दोन पोरं लावून दिलेली. एकाची पाळी सकाळी सात ते दोन, दुसऱ्याची दोन ते रात्री नऊ. दोनच्या ठोक्याला नानासो पितळी घंटा वाजवत आणि खर्जातल्या आवाजात ओरडत, "ड्यूटी चेंज!" फोन दारातल्या ट्रेमध्ये. बोलायचं असेल तर जिन्यात.

सतरा नंबरचं टेबल सकाळी संयोगिताचं. ती वाईजवळच्या गावातली, साताऱ्यात मावशीकडं राहून तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची. दोनदा थोडक्यात हुकलेली. दुपारी तिथं कोण बसतं, हे तिनं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. एकदा तिची वही टेबलावर राहिली. सकाळी आली तर वहीवर चिठ्ठी. अक्षर जरा डावीकडं झुकलेलं.

"रांगोळी झकास. कुणी काढली?"

झालं! त्या दिवशी घंटा वाजली तरी ती उठलीच नाही. समोर एक उंच, सावळा, खांद्यावर कापडी पिशवी घेतलेला मुलगा येऊन उभा राहिला.

"माझी वही तुम्ही उघडलीत?"

"उघडीच हुती. मी झाकून ठिवली."

"आणि रांगोळी कुणाला म्हणालात?"

"मग काय म्हनू? खाली पिवळं, त्यावर गुलाबी, कडंला हिरवं. आवं, समदंच पान रंगवल्यावर महत्त्वाचं कुठलं आन् बिनमहत्त्वाचं कुठलं?"

"माझं सगळं लक्षात राहतं."

"व्हय?" त्यानं वही उचलून पाठीमागं धरली. "मग सांगा की. काल काय वाचलंसा?"

संयोगितानं तोंड उघडलं. काल तिनं पंचायत राजचं प्रकरण चार वेळा वाचलं होतं. चार वेळा! पान डोळ्यांसमोर आलं, पिवळा पट्टा आला, गुलाबी आला. त्या पट्ट्यांखाली काय लिहिलं होतं ते मात्र येईना. कानशिलं तापली.

"सतरा नंबर!" नानासो गरजले. "ड्यूटी चेंज!"

जिना उतरताना तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. दोन्ही वेळा परीक्षेत हेच तर झालं होतं. घरी वाचताना सगळं ओळखीचं वाटायचं, हॉलमध्ये बसलं की कोरं करकरीत.

दुसऱ्या दिवशी दोनला दहा कमी असताना तो जिन्यात दोन चहा घेऊन उभा.

"काल जरा जास्तच बोललो," तो म्हणाला. "मी मल्हार. आटपाडीकडचा. वनरक्षकाची परीक्षा देऊन बसलोय, आता पुढच्या एकीची तयारी."

"चहा देऊन माफी मिळते असं कुणी सांगितलं?"

"मिळती का न्हाई ते चहा प्याल्यावर सांगा."

आता खरं सांगायचं तर चहा फार बरा नव्हता. पण तिनं सगळा प्यायला. आणि त्या दहा मिनिटांत मल्हारनं तिला त्याच्या आजीची गोष्ट सांगितली.

"आमची हरणाबाई. साठ मेंढरं हायती तिच्याकडं. सांज झाली की मेंढरं जाळीत कोंडत्यात आन् आजी तोंडाला बसती. डोळे मिटून. एकेकीला नावानं हाक मारती."

"मोजत नाहीत?"

"मोजून काय कळतंय? एक कमी हाय, येवढंच कळंल. कुठली कमी हाय ते हाक मारल्यावरच कळतं. जी ओ देत न्हाई, तिला हुडकाय जायाचं." तो तिच्याकडं बघून हसला. "तुम्ही नुसतं मेंढरांकडं बघत बसताय. बघितल्यावर समदीच वळखीची वाटत्यात. पुस्तक झाका आन् हाक मारा. जे येत न्हाई, तेवढंच हुडकायचं."

संयोगिताला हसू आलं. परीक्षेच्या एवढ्या क्लासमध्ये एवढं सोपं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी टेबलाच्या खणात कंदी पेढ्यांचे पाच रिकामे पुठ्ठ्याचे डबे दिसले. आत जाड कागदाची कापलेली कार्डं. एका बाजूला प्रश्न, दुसरी कोरी.

"पेढे कुठायत?" दोनला तिनं विचारलं.

"पेढे पास झाल्यावर. आता नियम ऐक." तो 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आला, ते दोघांनाही कळलं नाही. "नवं कार्ड पहिल्या डब्यात. हा रोज उघडायचा. उत्तर आलं की कार्ड दुसऱ्या डब्यात, तो तीन दिसांनी. मग तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा म्हैन्यानं. चुकलं की कुठल्याबी डब्यातनं परत पहिल्यात."

"एवढे दिवस थांबायचं? तोवर विसरणार की मी!"

"इसरायच्या जरा आधी हाक मारायची. तवा जोर लावून जे आठवतं, ते मग हलत न्हाई. आन् मागची बाजू तू लिव्हायची, तुझ्या शब्दांत. मी लिवलेलं माझ्या ध्यानात ऱ्हाईल, तुझ्या न्हाई."

पण संयोगिताची एक खोड होती. तिला दम निघत नसे. प्रश्न वाचला की अर्ध्या क्षणात कार्ड उलटं! उत्तर दिसलं की म्हणायची, "हां, येतच होतं की मला."

"उलटलंस," मल्हार म्हणायचा.

"नाही उलटलं."

"कोपरा दुमडलाय. तुझा अंगठा हितंच बसतो. बघ, समद्या कार्डांचे कोपरे वाकडे." तो कार्ड उजेडात धरायचा. "आठवायला लावलं की तरास हुतो, म्हनून बघतीस. तरास झाल्याबिगर बसत न्हाई गं डोक्यात."

तिला त्याचा "गं" फार आवडायचा. तो ऐकायला ती मुद्दाम कोपरे दुमडायची, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

हळूहळू डब्यांत दोघांची कार्डं पडायला लागली. सकाळी ती त्याच्यासाठी प्रश्न लिहायची, दुपारी तो तिच्यासाठी. ग्रामसभा, पर्जन्यछाया, घटनेची कलमं. मग एक दिवस कलमांच्या मधे एक भलतंच कार्ड आलं: "सतरा नंबरच्या खिडकीतनं किल्ला सकाळी कसा दिसतो?" तो दुपारचा, त्याला सकाळ कुठली माहीत! तिनं मागं लिहिलं, "साडेनऊपर्यंत दिसतच नाही. मग आधी कडा दिसते, मग एकदम सगळा." तिनंही एक टाकलं: "मल्हारला चहात साखर किती?"

हे कार्ड तीन आठवडे झाले तरी पहिल्याच डब्यात.

"आगं, हे अजून हितंच?" त्यानं विचारलं.

"चुकतं सारखं. काय करू!"

"एक चमचा. येवढं अवघड हाय?"

"फारच अवघड आहे बाई," ती म्हणाली आणि खिडकीकडं बघत हसली. कार्ड त्यानं स्वतःच्या हातानं परत पहिल्या डब्यात ठेवलं.

पाच-दहा मिनिटं, एवढीच भेट. पण ती उठली की खुर्ची अजून गरम असायची, आणि तो बसताना क्षणभर थांबायचा. तिला ते जिन्यातून दिसायचं. दुपारी मावशीकडं ती पोळ्या लाटायची आणि घड्याळ बघून म्हणायची, आता तो तिसरा डबा उघडत असेल. प्रेमच होतं ते. दुसरं काय नाव द्यायचं? फक्त दोघांतल्या एकानंही ते उच्चारलं नव्हतं.

आणि जुलै सरता सरता वनरक्षकाचा निकाल लागला. मल्हारचं नाव यादीत. सहा महिन्यांचं ट्रेनिंग, पार विदर्भात. नानासोंनी त्याला कडक सॅल्यूट ठोकला. संयोगितानं अभिनंदन म्हटलं, हसली, आणि चप्पल उलटसुलट घालून जिना उतरली.

गुरुवार त्याचा शेवटचा दिवस. बाहेर बारीक भुरभुर. दोनला दहा कमी असताना तो आला तो खणाशी खुडबुड करत राहिला.

"सगळं घेतलंस?" तिनं विचारलं.

"व्हय."

"थंडी असेल तिकडं?"

"जुलैत?"

"नाही म्हणजे... नंतर."

"संयू—" तो म्हणाला. हे नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं.

"काय?"

"काय न्हाई. पाचव्या डब्यात एक कार्ड टाकलंय. तुझ्यासाठी."

"आत्ता बघू?"

"नियम ठाऊक हाय न्हवं? म्हैन्यानं." तो हसला. डोळे मात्र हसत नव्हते, काहीतरी मागत होते. काय, ते तिला कळेना.

"ड्यूटी चेंज!"

तिला खूप काही बोलायचं होतं. नको जाऊस म्हणायचं नव्हतं, पण जाताना मला घेऊन जा, निदान एवढं तरी सांग की— घंटा थांबली. तिनं पिशवी उचलली आणि ती निघून गेली.

त्या संध्याकाळी तिचा हात तीनदा डब्याच्या आठवणीनं वळवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टेबलाशी बसली तेव्हा तर झाकण अर्धं उचललंही होतं. मग तिला त्याचा आवाज आठवला, दम निघत न्हाई तुला. तिनं डबा बंद केला आणि वरून केसांचं रबर दोन वेढे देऊन घट्ट बसवलं. आजवर त्याचं एकही धड ऐकलं नाही, हे एक तरी ऐकायचं. तो परत येईल तेव्हा न दुमडलेला कोपरा त्याला दाखवायचा. एवढंच तिच्या मनात होतं.

शनिवारी तिनं फोनवर लिहिलं, "पोहोचलास?"

"हो."

हो! व्हय सुद्धा नाही. साताऱ्याच्या हपिसातल्या क्लार्कासारखा हो. दोन दिवसांनी तिनं विचारलं, "जेवण बरं आहे का?" उत्तर तिसऱ्या दिवशी. "हो." त्यानंतर तिनं विचारलं नाही. विसरला, ती म्हणाली. नवी जागा, नवी माणसं, विसरायचाच.

तिनंही विसरायचं ठरवलं. आणि तिथंच फसली. कारण विसरायचं म्हणून रोज ती आधी त्याला आठवायची, जिन्यात, चहाच्या टपरीवर, खिडकीतून किल्ल्याची कडा दिसली की. पंचायत राज आता तिला तोंडपाठ होतं, आणि प्रत्येक कलमाला त्याचा आवाज चिकटलेला. दुपारच्या पाळीला आता राणी नावाची मुलगी यायची. चांगली होती बिचारी. पण दोन वाजता जिन्यात पावलं वाजली की संयोगिताची मान दाराकडं वळायची, आणि वर येणारी राणीच असायची.

तिसाव्या दिवशी, शनिवारी, तिनं रबर काढलं.

एकच कार्ड. झुकलेलं अक्षर.

"उद्या शुक्रवारी दुपारी दोनच्या पुण्याच्या गाडीनं निघतोय. संयू स्टँडवर येईल का? तिला एक सांगायचंय. मागची बाजू तिनं भरायची."

तिनं पुन्हा वाचलं. उद्या शुक्रवारी. तो शुक्रवार जाऊन महिना झाला होता.

अगं बाई गं! त्याला खात्री होती. जिनं आयुष्यात एक कार्ड धड न उलटता ठेवलं नाही, ती हे दुसऱ्या दिवशी सकाळी बसल्याबरोबर उलटणार, म्हणूनच त्यानं ते पाचव्या डब्यात टाकलं होतं. आणि नेमकं त्याच कार्डाला तिनं रबर लावलं.

ती नानासोंच्या टेबलाशी गेली. "मल्हार गेला त्या दिवशी... स्टँडवर..."

"मीच गेलो होतो सोडायला, घंटा पोरांवर टाकून," नानासो म्हणाले. "दोनची गाडी लागली, पोरगं चढेना. फाटकाकडं बघत उभं. गाडी गेली. तीनची आली तेव्हा गपचूप चढलं. कुणाची वाट बघतोस म्हटलं, तर म्हणे कुणाची नाही." त्यांनी चष्मा काढून तिच्याकडं नीट पाहिलं. "तुझी होय?"

जिन्यात येऊन तिनं फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. बाहेर. मेसेज तीनदा लिहिला, तीनदा पुसला. जी ओ देत न्हाई, तिला हुडकाय जायाचं, असं तोच म्हणाला होता ना? विदर्भातला पत्ता तिला ठाऊक नव्हता. पण त्याच्या आजीला तो ठाऊक असेल, आणि तिचं गाव नानासोंच्या रजिस्टरात होतं.

रविवारी पहाटेच मावशीला खरं काय ते सांगून तिनं विट्याची गाडी धरली, तिथून आटपाडीची. गाडीत तिनं कार्डाची मागची बाजू भरली. खिडकीबाहेर ऊस मागं पडत गेला, हिरवं विरळ झालं, माळ लागला. वस्तीवर पोचली तेव्हा उन्हं कलली होती.

हरणाबाई जाळीच्या तोंडाशी दगडावर बसलेली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात काठी.

"आजी, मी साताऱ्याहून आले. मल्हारच्या..."

म्हातारीनं तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "रांगोळीवाली व्हय गं तू?"

संयोगिताला हसावं की रडावं कळेना. ती दोन्ही करायला लागली.

"बस, बस. रडू नगं. कवा निघालीस? काय खाल्लंस का न्हाई?" आजीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "पोरगं तिकडं वाळून चाललंय. काय झालं म्हटलं तर बोलत न्हाई. रोज सांजच्याला कुठल्याशा टाकीवर चढतं, तितं म्हनं रेंज येती, आन् फोन लावतं. बोलाय न्हवं. माझ्या हाका ऐकाय. त्येला तितं करमत न्हाई."

बोलेपर्यंत फोन वाजला. आजीनं तो दगडावर उताणा ठेवला, आवाज मोठा केला आणि ओठांवर बोट ठेवून संयोगिताला गप्प बसवलं.

"आजे, घे हाका," पलीकडून आवाज आला. तोच. महिन्याभरानं. तिनं पदरासारखी ओढणी तोंडात धरली.

आजीनं डोळे मिटले. "काजळेऽऽ... बांडेऽऽ... भुरेऽऽ..." एकेक मेंढी मान वर करून बें करायची, आजी पुढच्या नावाला जायची. कुठं अडखळणं नाही. उन्हं जाळीवरून उतरत गेली. मग आजीनं एक डोळा उघडून संयोगिताकडं पाहिलं, आणि परत मिटला.

"संयूऽऽ..."

जाळीत काहीच हललं नाही. एक महिन्याभराचं कोकरू आईच्या पोटाला टेकून निवांत झोपलं होतं.

"दिली का गं ओ?" फोनमधून आला आवाज.

"न्हाई."

"रोजचंच हाय तिचं," मल्हार म्हणाला. हसायचा प्रयत्न करत होता. "कोकराचं नावच चुकीचं ठिवलं मी. मार अजून एक हाक."

"संयूऽऽ!"

"ओ," संयोगिता म्हणाली.

पलीकडं नुसता वारा वाजत होता.

"कोन... कोन हाय तितं?"

"सतरा नंबर. सकाळची पाळी."

"तू? तितं?"

"मल्हार, मी कार्ड काल उघडलं. काल. महिना झाल्यावर."

"काल?" तो म्हणाला. "आगं पन तू तर दर टायमाला..."

"तू म्हणालास महिन्यानं. तुझं पहिल्यांदा ऐकलं मी. रबर लावून ठेवला होता डबा. कोपरा दाखवू? सरळ आहे."

मग हसणं ऐकू आलं, आणि ते मधेच कुठंतरी ओलं झालं. "लय शहाणी गं तू! म्या तुझ्या खोडीवर भरवसा टाकला, आन् तू नेमकी त्याच दिशी सुधारलीस! दोनची गाडी सोडली म्या. म्हटलं येतीया. आली न्हाईस तवा वाटलं, उत्तर मिळालं आपल्याला."

"ते उत्तर नव्हतं. मागची बाजू मी आज गाडीत भरलीय."

"काय लिवलंस? वाच."

"वाचायचं नसतं," ती म्हणाली. "झाकून सांगायचं असतं."

तिनं कार्ड दगडावर पालथं घातलं, वर हात ठेवला आणि आजीसारखे डोळे मिटले. आठवायला काही त्रास पडला नाही.

"मला तू आवडतोस, मल्हार. फार. माहीत असतं तर मी एक वाजताच स्टँडवर येऊन बसले असते."

आजीला राहवलं नाही. तिनं काठी आपटली. "आता बोल की रं मुक्या! पोरगी पार साताऱ्यावनं आलीया!"

"माझं बी त्येच हाय, आजे," मल्हार म्हणाला. "तिला सांग."

"मी का सांगू? ऐकतीया ती."

"संयू," तो म्हणाला, अगदी हळू. "त्या दिशी येवढंच सांगायचं हुतं. तू लय आवडतीस मला. अजून पाच म्हैने हायती गं हितं."

"असू देत." तिनं डोळे पुसले. "हे कार्ड पाचव्या डब्यात जाणार नाही आता. पहिल्यात टाकणार. रोज विचारायचं, रोज सांगायचं."

"येत असलं तरी?"

"येत असलं तरी."

"झालं का?" हरणाबाई म्हणाली. "मग गप बसा दोघं बी. अजून धा ऱ्हायल्यात माझी. पोरी, आता गाडी न्हाई, तू हितंच ऱ्हा. भाकरी टाकती मागनं."

तिनं पुन्हा डोळे मिटले आणि राहिलेल्या मेंढरांना हाका मारायला घेतल्या. संयोगिता तिच्याशेजारी दगडावर बसून राहिली. फोन दोघींच्या मधे तसाच चालू होता.